खुरावरची रेघ

आमच्या घरी श्रावण आधी पातेल्यात उतरतो. शुक्रवारी संध्याकाळी आई हरभरे निवडते, धुते, भिजत घालते आणि वर ताटली झाकते. शनिवारी ताटली उचलली की ते फुगून काठाला आलेले असतात. इथपर्यंत सगळं पूर्वीसारखंच आहे. पूर्वी हे हरभरे गुळाच्या खड्यांसकट एका घोड्याच्या तोंडात जायचे. आता त्यांची उसळ होते, कांदा-लसूण न घालता, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून ती खातो. आईच्या हाताची उसळ, चांगलीच होते. 

जेवण आटोपून आई ओटा पुसत असते आणि खाली लोखंड वाजतं. टॉक, टॉक, जरासा थांबा, पुन्हा टॉक. सोसायटीच्या फाटकापासून पेव्हर ब्लॉकवरून तो आवाज आत येतो. मी तो ऐकते. आईही ऐकते, कारण तिचा फडक्यावरचा हात तेवढ्यापुरता थांबतो. आम्ही खिडकीशी जात नाही. जांभळ्याच्या पायात आता नाल नाही, गेली काही वर्षं नाहीच. तो फाटकातून कधी आलाच तर मांजरासारखा येतो, मागे वळून बघितल्यावर एवढं धूड दिसून दचकायला होतं. आवाज येतो तेव्हा घोडा नसतो आणि घोडा येतो तेव्हा आवाज नसतो. ऑफिसात हे सांगितलं तर म्हणतील, बाई, कान तपासून घे. म्हणून सांगत नाही.

जांभळ्या म्हणजे तो घोडा. काळाकुळकुळीत, पण पाठीवर ऊन पडलं की पिकल्या जांभळासारखी झाक मारायचा. मालक आंतोन, वसईच्या किल्ल्यापलीकडच्या पाचूबंदरचा, ख्रिस्ती कोळी. बाप होडीवर गेला, आजा होडीवर गेला, आंतोनला मात्र बोट लागायची. दर्यात गेला की पोटातलं सगळं बाहेर. "अख्ख्या बंदरात माझ्यासारखा कोली दुसरा नाय," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. मग त्याने घोडा पाळला. सुट्ट्यांच्या दिवसांत किनाऱ्यावर पोरांना फिरवायचा, लग्नसराईत वरातीपुढे नाचवायचा. नवरदेवाला पांढरी घोडीच लागते, त्यामुळे काळ्या जांभळ्याच्या पाठीवर कधी कुणी बाशिंग बांधून बसलं नाही.

त्याचा मान श्रावणात. श्रावणी शनिवारी काळ्या घोड्याला हरभरे आणि गूळ घातला की शनीचा जोर उतरतो, असं आमच्या इमारतीतल्या देशावरच्यांना वाटायचं, कोकणातल्यांनाही वाटायचं. देशावरचे नि कोकणातले एरवी पाण्याच्या टाकीवरूनही भांडत. आंतोन जांभळ्याला घेऊन रस्त्याने निघाला की दारोदारच्या बायका वाट्या घेऊन खाली. तो आईला चिडवायचा, "वहिनी, माझा घोडा चर्चच्या घंटेवर उठतो. तुमचा शनी त्याला कसा काय वळकतो?"

"शनीला धर्म नसतो, आंतोनभाऊ," आई म्हणायची. "तो सगळ्यांकडे सारखाच बघतो."

गूळ-हरभऱ्यांपेक्षा मोठी मागणी होती नालेची. काळ्या घोड्याच्या पायातून निघालेली नाल दारावर ठोकली की बाहेरचं बाहेर राहतं. विकतची नको, पायातलीच हवी. आंतोनला नाही म्हणता येत नसे. नाल झिजायच्या आधीच ती निघायची, कारण कुणाची तरी वास्तुशांत तोंडावर असायची. जुनी काढली की नवी ठोकायची, नव्या नालेला नवे खिळे. भोकं पडून पडून जांभळ्याच्या खुरांच्या कडा जुन्या फळीसारख्या चिरफाळल्या होत्या. आमच्या जिन्यात आजही प्रत्येक मजल्यावर त्याची एक तरी नाल आहे. पावसाळ्यात त्यांना गंज सुटतो आणि चौकटीवरून तांबडे ओघळ उतरतात. जिना चढताना वाटतं, तो आपल्याबरोबर पायरी-पायरीने वर येतो आहे. आमच्या दारावरची नाल बाबांनी लावली, लेव्हल लावून, दोन्ही टोकं अगदी एका रेषेत. शनीला वाकडं चालत नाही म्हणून नव्हे, बाबांनाच चालत नसे.

बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर रेघा मारल्या. निवृत्त झाल्यावर हाताला रेघ उरली नाही आणि पायाला साखर लागली. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे. एक पायात, एक मागे रस्त्यात, आणि हे आपले वर्तमानपत्र काखोटीला मारून पुढे. त्यात उजव्या अंगठ्याखाली एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. आई त्यांचा भात पेज काढून करायची, चहा बिनसाखरेचा द्यायची, घरात केळंसुद्धा लपवून ठेवायची. बाबांच्या वाटचा सगळा गूळ मग शनिवारी जांभळ्याला. आईने शनीशी परस्पर ठरवूनच टाकलं होतं: गोड त्याला, पाय ह्यांना.

त्या श्रावणात पाऊस उसंत घेत नव्हता. वराती बंद, किनारा बंद, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली, आणि त्यांच्या शेजारी पत्र्याच्या आडोशाला जांभळ्या चिखलात उभा. दिवसचे दिवस नुसता उभा. हलायचा तो शनिवारी, आमच्या रस्त्यापर्यंत. गल्लीतल्या सगळ्या वाट्या, सगळा गूळ, त्याच्या एकट्याच्या पोटात. तो मान हलवून हलवून खायचा आणि बायका म्हणायच्या, बघा, प्रसन्न झाला.

मग एका शनिवारी तो आलाच नाही. आई वाटी घेऊन फाटकाशी उभी राहिली. हरभऱ्यांवर पावसाचे थेंब पडत होते आणि ती रस्त्याकडे कान लावून होती. शेवटी म्हणाली, "चला, बघून येऊ." बाबांनाही यायचं होतं. आम्ही रिक्षा केली.

पाचूबंदरला पोचलो तर जांभळ्या विचित्र उभा होता. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागे, पुढच्या खुरांखाली तापलेला तवा ठेवला असावा तसा. नाकपुड्या फुगलेल्या. आंतोन त्याच्या मानेला कपाळ लावून उभा होता. आम्हाला बघून त्याने नेहमीची थट्टा केली नाही. विरारहून जनावरांची डॉक्टर आली होती, तरुण मुलगी, रेनकोट चिखलाने भरलेला. ती खुरांवर हात ठेवून ठेवून बघत होती.

"काका, खूर म्हणजे नखच ना," ती आंतोनला समजावत होती. "ते आतल्या हाडाला चिकटलेलं असतं. गोड खाणं, दाणा फार झाला की ती चिकटलेली जागा सुजते. मग सुटायला लागते. यात तेच झालंय, आणि वर हा चिखल, दिवसभर एका जागी उभं राहणं. हाड आत खाली सरकलं तर मग काही करता यायचं नाही. काय काय खातो हा?"

आंतोनने आमच्याकडे बघितलं नाही. "गवत," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आनि शनवारचं."

आईच्या हातात वाटी होती. तिने ती पदराखाली घेतली.

बाबा पुढे झाले. त्यांनी वाकून जांभळ्याच्या खुराला हात लावला. "ताप आहे," ते म्हणाले. मग डॉक्टरला विचारलं, "म्हणजे मधुमेहच म्हणायचा की."

"चुलतभाऊ म्हणा, काका."

बाबा हसले. पाय उचलू न शकणाऱ्या त्या जनावराकडे आणि स्वतःच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "याला पायातलं नको तितकं कळतंय आणि मला काहीच कळत नाही. दोघांचं मिळून एक धड झालं असतं."

हे वाक्य मला अजून कुठेही ऐकू येतं. चपलांच्या दुकानात तर हमखास येतं.

डॉक्टरने सांगितलं, नाला काढा. चारही. कडेला खिळ्यांनी टांगलेला भार नको, सगळ्या तळव्यावर येऊ दे. पुढचं टोक वाढू द्यायचं नाही, दर थोड्या आठवड्यांनी कानशीने घासून काढायचं, टाच खाली ठेवायची. दाणा बंद, गूळ बंद, गवत पाण्यात भिजवून, पाणी ओतून मगच द्यायचं, म्हणजे त्यातला गोडवा निघून जातो. पायाखाली मऊ आणि कोरडं हवं, वाळू मिळाली तर उत्तम.

"आनि नाला परत कधी?" आंतोनने विचारलं.

"नकोच परत. किनाऱ्यावर चालणारा घोडा, त्याला कशाला लोखंड?"

 बिननालेचा घोडा म्हणजे आंतोनच्या लेखी उघडानागडा घोडा. लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती, आणि लोक म्हणालेही. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी नव्या फ्लॅटसाठी नाल सांगून ठेवली होती. "मग आता आम्ही कुणाची लावायची?" असं त्यांनी मला लिफ्टमध्ये रागाने विचारलं, जसा काही मीच घोडा. बंदरावर आणखी एक जण आंतोनला म्हणाला, "कशाला जीव काढतोस? टेम्पोत घाल नि कामणच्या गोदामांकडं सोडून ये. लागल तिकडं रस्त्याला." तसे सोडून दिलेले घोडे त्या रस्त्याला मी पाहिले आहेत. ट्रकांच्या मधून तीन पायांवर चालतात आणि कुणाचेच नसतात.  आंतोनने सांडशी आणली आणि स्वतःच एकेक खिळा काढला. प्रत्येक खिळ्याला जांभळ्याच्या अंगावरून शिरशिरी जात होती आणि आंतोन त्याला सारखा म्हणत होता, "झालं बाबा, झालं, झालं."

श्रावणात वसईला कोरडी वाळू कुठून आणायची? ती होड्यांखाली होती. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पोटाखाली, ताडपत्रीच्या आत, उन्हाळ्यातली वाळू तशीच राहिली होती. आंतोन पालथा पडून हाताने ती ओढून काढायचा आणि पाटीत भरायचा. त्याला हसणारे कोळीही मग आपापल्या होडीखालची देऊ लागले. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या तेव्हा त्यांच्या खालची जमीन पार खरवडलेली होती. जांभळ्या त्या वाळूवर आडवा झाला. घोडा दिवसा असा लांब पसरलेला बघितला की मेल्यासारखाच दिसतो. आम्ही दर शनिवारी जायचो आणि आई रिक्षातून उतरायच्या आधी मला विचारायची, "पोट हलतंय का बघ."

तिने तिथे एक काम धरलं. मोठ्या टपात गवत भिजवायचं, दाबायचं, पिवळं पाणी ओतून टाकायचं. घरी भाताची पेज ओतायची तसंच. "दोन्हीकडे मेलं तेच," ती पुटपुटायची. एकदा टपावर वाकलेली असताना मला म्हणाली, "ह्यांचं त्याने अंगावर घेतलंय." मी म्हटलं, "आई, डॉक्टरने काय सांगितलं?" "ते ऐकलं मी. गुळाने झालं. पण गूळ मी कशासाठी घातला?" मी टपाची दुसरी कड धरली आणि पाणी ओतायला लागले. 

हळूहळू तो उठला. आधी वाळूवर चार पावलं, मग ओल्या किनाऱ्यावर. आणि एके दिवशी बाबांना ती रेघ दिसली. केस संपतात आणि खूर सुरू होतो तिथे, जरा खाली, पुढच्या डाव्या खुरावर आडवी उमटलेली, वळ्यासारखी. बोट फिरवलं की लागायची. डॉक्टर म्हणाली, आजारपणाची खूण आहे, ती वरून खाली सरकत जाते, कारण नवा खूर वरून येतो. नखावरचा पांढरा डाग सरकतो तसा. जमिनीला पोचायला साधारण वर्ष लागेल. त्या रेघेच्या वरचा खूर सगळा नवा, घट्ट.

बाबांना पुन्हा एक रेघ मिळाली. दर शनिवारी ते मासळीच्या उलट्या खोक्यावर बसायचे, अंगठा आडवा धरायचे आणि सांगायचे, "उतरली. थोडी उतरली." आंतोनला ते कानस कशी धरायची यावरही सल्ले द्यायचे, जणू काही तो कारखान्यातला शिकाऊ. आंतोन म्हणायचा, "भाऊ, तुमी तुमचा पाय सांभाला, घोड्याचा मी बघतो." जाताना बाबा एकच वाक्य बोलायचे, "पुढच्या श्रावणात ही जमिनीला लागेल. ते मला बघायचंय." मोठी इच्छा नव्हती ती. माणसं काय काय बघायचं म्हणतात, यांना फक्त एक रेघ बघायची होती.

थंडी पडली तेव्हा जांभळ्या किनाऱ्यावर चालायला लागला होता आणि बाबा अंथरुणावरून उठत नव्हते. आधी अंगठा काढावा लागला, मग जखम वर चढली, मग रक्तातच गेली. घोडा एकेक पाऊल मिळवत होता आणि माणूस एकेक हरवत होता. आईने ही जोडणी मनात कधीच करून टाकली होती, मी तिला ती तोंडाने बोलू देत नव्हते. बाबा गेले त्यानंतर काही दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता, ती बोललीच. "मी त्याच्यावर टाकलं होतं, त्याने ते परत केलं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला त्या पोळ्या आठवतात, एकही धड गोल नव्हती.

मला वाटलं, आता ती पाचूबंदरला पाऊल टाकणार नाही. पुढच्याच शनिवारी ती साडी नेसून दाराशी उभी होती. आंतोनने खोका उलटा केला. आई बसली, अंगठा आडवा धरला. रेघ खुराच्या मध्यावर आली होती. तिने बराच वेळ अंगठा उचलला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याच्या वरचं सगळं आजारपणानंतरचं. त्यात थोडं हे असताना आलेलं आहे आणि थोडं नंतरचं. कुठे बदललं ते दिसत नाही." तिथे रेघ नव्हतीच. माणूस गेल्याची खूण खुरावर उमटत नाही. जांभळ्या शांत उभा होता, त्याचं उष्ण नाक आईच्या डोक्यावर, केसांत हुंगत.

पुढचा श्रावण आला. रेघ जमिनीला टेकली होती, खुराच्या टोकाशी उरलेली एक बारीक चंद्रकोर तेवढी. आंतोन कानस घेऊन बसला. त्याने जांभळ्याचा पाय पुढे घेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवला. या वर्षभरात या कामात त्याचा हातखंडा झाला होता. कानस लागणार इतक्यात आई म्हणाली, "थांबा जरा, आंतोनभाऊ."

आंतोन थांबला.

"ह्यांनी हात लावलेलं तेवढंच राहिलंय."

आंतोनने कानस खाली ठेवली. घोड्याचा एवढा भार गुडघ्यावर घेऊन तो तसाच बसून राहिला. जेट्टीकडून लिलावाचा गलका येत होता. "वहिनी," तो अखेर म्हणाला, "ऱ्हावू द्यायचं तर ऱ्हावू दे. पन त्याला टोचनार. चालताना फाटल."

आईने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. ती बाबांसारखा अंगठा आडवा धरून बसली होती, हवेत, खुराला न लावता. मग म्हणाली, "घ्या काढून. त्याला चालायचंय."

कानस फिरली. राखी भुगा आंतोनच्या पायांवर पडला आणि शेवटी तो तुकडा सुटून वाळूत पडला. आईने हात पुढे केला, पण बंदरावरचा एक कुत्रा टपूनच बसला होता. कुत्र्यांना ती कातरण फार आवडते. त्याने तुकडा उचलला आणि होड्यांच्या मागे पळाला. आंतोन शिव्या देत त्याच्यामागे धावला. "जाऊ द्या हो," आई म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. जांभळ्या आमच्यापासून दूर, पाण्याच्या कडेने चालत गेला. पायांचा आवाज अजिबात झाला नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. जांभळ्या म्हातारा झाला आहे, नाकाभोवती पांढरा. आमच्या रस्त्याला तो क्वचितच येतो. दारांवरच्या नाला गंजत आहेत, त्यांची जागा घ्यायला नव्या नाला आल्या नाहीत. आज पुन्हा श्रावणातला शनिवार. उसळ झाली, ओटा पुसून झाला, खाली लोखंड वाजलं, आणि आईचा हात थांबला. मग तिने साडी बदलली.

पाचूबंदरला आंतोन खोका उलटा करून ठेवतो.  आई बसते, जांभळ्याच्या पुढच्या डाव्या खुरावर, जिथे केस संपतात तिथे, अंगठा आडवा टेकवते आणि सावकाश खाली आणते, अगदी वाळूपर्यंत. खूर गुळगुळीत आहे. कुठे काही लागत नाही. ती क्षणभर थांबते आणि मग खोका सरकवून दुसऱ्या पायाशी बसते.